बुधवारची दुपार आणि त्रेसष्ट सांधे

आमच्या ह्यांना स्टुडिओतले सगळे टेलरमास्तर म्हणायचे. शिवणयंत्राला ह्यांनी जन्मात हात लावला नाही. शर्टाचं बटण तुटलं तरी शर्ट माझ्यापुढे आणून ठेवायचे आणि शाळेत छडी खायला उभं राहावं तसे उभे राहायचे. पण टेप कापावी आणि जोडावी ती ह्यांनीच. गाणारी बाई एका शब्दावर खोकली, तर तेवढा शब्द कापून टाकायचा आणि आधीच्या वेळचा तोच शब्द तिथे आणून बसवायचा. नंतर त्या बाईलाच विचारलं, की बाई, कुठे खोकलात, तर तिलाही सांगता यायचं नाही. तीस वर्षं हे ह्यांचं काम.

तेव्हा हल्लीसारखं कॉम्प्युटरवर बटण दाबून होत नव्हतं. हाताखाली ॲल्युमिनियमची एक बोटभर पट्टी, तिच्यात टेप बसेल अशी खाच, आणि खाचेला एक तिरका छेद. त्या छेदातून दाढीचं पातं ओढायचं. एक मेणाची पिवळी पेन्सिल खुणेसाठी, आणि सांध्यावर लावायला पांढरी चिकटपट्टी. दोन्ही हातांनी रिळं पुढे-मागे हलवत बसायचे. टेप हळू सरकली की त्यातून पोट बिघडल्यासारखी गुरगुर यायची, आणि त्या गुरगुरीत सूर नेमका कुठे उठतो ते ह्यांना कळायचं. मला विचाराल तर तिथे नुसती गुरगुरच होती. सासूबाईंना शेजारीपाजारी विचारायचे, मुलगा काय करतो? त्या रुबाबात सांगायच्या, “कापाकापी.” ऐकणाऱ्याला वाटायचं सर्जन आहे. सासूबाई दुरुस्त करायच्या नाहीत.

स्टुडिओ म्हणजे एका शाळेच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या, मधे जाड काच. शाळेची मधली सुट्टी झाली की रेकॉर्डिंग बंद, कारण डोक्यावर चारशे पोरं नाचायची. एका खोलीत मोठा काळा पियानो होता, तो दारातून कसा आत गेला हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि त्या पियानोवर बसायचा तो. ह्यांचा लहानपणापासूनचा मित्र. मला वहिनी म्हणायचा, मी त्याला भाऊजी म्हणायचे. आता मनातल्या मनात काय म्हणते ते लिहिण्यासारखं नाही, म्हणून इथे नुसतं पियानोवाला म्हणते.

पियानोवाला जॅझ वाजवायचा. मला संगीतातलं ओ की ठो कळत नाही, पण ह्यांनी एकदा समजावलं होतं ते सांगते. जॅझमध्ये ठरलेलं असतं थोडं. एक चाल घ्यायची, आणि मग बसल्या जागी सुचेल तसं तिला फिरवत न्यायचं, आणि शेवटी परत घरी आणायचं. पियानोवाल्याचं त्रिकूट होतं. तो, एक बास, म्हणजे माणसाएवढं उभं तंतुवाद्य, वाजवणारा, आणि एक ड्रमवाला. लोक त्या तिघांवर जीव टाकायचे. मग काय बिनसलं देव जाणे. मोठेपणाच्या पाटीवर कुणाचं नाव वर आणि कुणाचं खाली, असलंच काहीतरी. दोघांनी एका आठवड्यात गाशा गुंडाळला आणि दुसऱ्याकडे वाजवायला गेले.

पियानोवाला आमच्याकडे येऊन म्हणाला, “बरं झालं गेले. मला कुणाची गरज नाही. कंपनीला म्हटलंय, मी एकट्याचा अल्बम करतो. नुसता पियानो.”

तो गेल्यावर हे मला म्हणाले, “हा एकटा कधी वाजवत नाही गं.”

“म्हणजे?”

“वाजवता वाजवता हरवतो. नेहमीच हरवतो. बासवाला त्याला हाताला धरून परत आणतो. लोकांना कळत नाही, आणि यालाही कळत नाही.”

शाळेला सुट्टी लागली तेव्हा तीन दुपारी रेकॉर्डिंग ठेवलं. सोमवार, मंगळवार, बुधवार. मंगळवारी माझी ड्यूटी नव्हती म्हणून मी डबा घेऊन गेले आणि काचेमागे ह्यांच्या शेजारी बसले. मी नर्स. माणूस खचताना मी रोज बघते, पण त्या दिवशी जे बघितलं ते वॉर्डात बघण्यापेक्षा अवघड होतं. तो सुरुवात अशी करायचा की अंगावर काटा यावा. तीन मिनिटं, चार मिनिटं. मग हात एकाच जागी घुटमळायला लागायचे. तेच ते, तेच ते, किल्ली हरवलेला माणूस सगळे खिसे पुन्हा पुन्हा चाचपतो तसं. मग थांबायचा. पुन्हा सुरू. पुन्हा तेच. शेवटी त्याने पियानोचं झाकण धाडकन आपटलं आणि त्यावर डोकं टेकून हुंदके देत रडला. हे आत गेले. मला काचेतून ऐकू येत नव्हतं, पण आतला माइक चालूच होता.

“टेलर, मी संपलो रे,” तो म्हणत होता. “दोघांशिवाय मला काही येत नाही. बाहेर कळलं तर मी मेलो.”

“बुधवारी ये,” हे म्हणाले. “सुचेल ते वाजव. अर्धवट राहिलं तर राहू दे. टेप बंद करणार नाही मी. पुढचं माझ्यावर सोड.”

बुधवारीही तेच झालं. कंपनीला आठ तुकडे हवे होते, आणि तीन दिवसांत एकही सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजला नव्हता.

मग हे बसले कापायला. नऊ दिवस. सकाळी जायचे, दिवेलागणीला परत. मी जेवायला वाढलं की हे ताटाकडे बघून पुटपुटायचे, “सोमवारचा शेवट मंगळवारच्या पोटात बसतोय.” सासूबाई म्हणायच्या, “याला आधी डॉक्टर दाखव.” टेबलाच्या कडेला टेपचे तुकडे लटकत असायचे, प्रत्येकाला कागदाची चिठ्ठी: वार, वेळ, काय आहे. पियानो कापणं सगळ्यांत कठीण, हे ह्यांनीच सांगितलेलं. बाकी वाद्यं सोबत असली की सांधा गर्दीत लपतो. एकट्या पियानोला लपायला जागा नाही. एक सूर वाजला की त्याचा घुमारा मागे रेंगाळतो, तो मधेच तुटला तर आंधळ्यालाही दिसेल. म्हणून पुढचा सूर उठायच्या आधी केसभर अंतरावर कापायचं. असे त्रेसष्ट सांधे घातले ह्यांनी. सातवा तुकडा तर मुळात वाजलाच नव्हता हो! सोमवारची एक सुरुवात, मंगळवारी बोटं गरम करायला वाजवलेलं काहीबाही, बुधवारचे चार-पाच घास, आणि एक तर तो रडायच्या आधीचा. सगळं मिळून सात मिनिटं. एकोणीस सांधे त्या एकात.

तो तुकडा ह्यांनी मला कानाला हेडफोन लावून ऐकवला. मी रडले. ओ की ठो न कळणारी मी, मी रडले. एक माणूस वाट चुकतो आणि ती चुकलेली वाटच त्याला घरी घेऊन येते, असं काहीतरी त्यात होतं. ह्यांच्याकडे बघितलं तर पातं हातात तसंच, आणि तोंडावर एवढंसं हसू. त्या हसण्यासाठी मी ह्यांना पुन्हा एकदा पसंत केलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पियानोवाल्याने ऐकलं. मी निरोप द्यायला म्हणून गेले होते, म्हणून समोरच होते. संपल्यावर त्याने मान वर केली.

“हे मी वाजवलं?”

“तूच वाजवलंस,” हे म्हणाले. “सूर न् सूर तुझा आहे.”

“नाही रे. सूर माझे, पण हे तुझं आहे.” त्याने ह्यांना मिठी मारली. माझ्याकडे वळून म्हणाला, “वहिनी, तुमच्यासमोर सांगतो. वेळ येईल तेव्हा चार लोकांत उभा राहून मी सांगेन, हे काम याचं.”

ह्यांना आयुष्यात एवढंच हवं होतं. मी बायको आहे, मला माहीत आहे. चांगल्या कामाची खूण म्हणजे काम केलंय हेच न कळणं. असला धंदा निवडलेला माणूस. तीस वर्षांत कुणी वा म्हणायची सोयच नव्हती. एकदाच, कुणीतरी जाणत्या माणसाने चौघांत म्हणावं, हे याचं. त्या वाक्यावर हे पुढची सगळी वर्षं जगले.

रेकॉर्ड आली. अल्बमचं नाव ‘बुधवारची दुपार’. त्यात बुधवार जेमतेम तिसरा हिस्सा. आणि मागच्या बाजूला ठळक अक्षरांत काय छापलेलं? “एक माणूस, एक पियानो, एक बैठक. एकही काट नाही.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, जाब विचारा. विचारायची गरज पडली नाही, तो स्वतःच आला, मान खाली घालून. कंपनीने मुलाखत घेतली, तो बोलण्याच्या भरात बोलून गेला, त्यांनी छापून टाकलं म्हणे. “थोडे दिवस ताकास तूर लागू देऊ नकोस टेलर. विक्री चालू आहे. आता बोललो तर लोक मला फाडून खातील. शब्द दे.”

ह्यांनी शब्द दिला. उरलेले तुकडे, चिठ्ठ्यांसकट, त्याच्यासमोर अंगणात जाळले. टेप जळताना किती घाण वास येतो! सासूबाईंनी खिडक्या लावून घेतल्या आणि आतून ओरडून विचारलं की नेमकं काय शिजतंय.

आता एक गंमत सांगते. गंमत कसली, कर्माची कथा. मला पेशंटचे श्वास मोजायची इतकी सवय, की बसमध्ये शेजारच्याचेही मोजते. एका सुट्टीच्या सकाळी घरात ती रेकॉर्ड लावली होती. पियानोवाला वाजवताना नाकातून जोरात श्वास घ्यायचा, ते ऐकू यायचं. सातव्या तुकड्यात मधे मी एकदम म्हटलं, “अहो, हा माणूस दोनदा श्वास आत घेतोय. सोडला कधी?”

ह्यांचा चहाचा कप ओठाशीच थांबला. सुई उचलून मागे ठेवली, चारदा ऐकलं. सोमवारचा श्वास जिथे संपतो, तिथे ह्यांनी मंगळवारचा श्वास जोडला होता. सूर नेमका बसवण्याच्या नादात छातीचा हिशोब राहिला. “शिकाऊ पोरगासुद्धा असं करत नाही,” म्हणत दोन दिवस हे नीट जेवले नाहीत.

पण नंतर हळूहळू ह्यांच्या मनात काय आलं ते मला कळलं. कुणीतरी जाणता ऐकेल. कुणीतरी पकडेल. ह्यांनी शब्द मोडायचा प्रश्नच नाही, पण चोरी आपोआप उघडी पडली तर? मग त्याला सांगावंच लागेल, आणि तो सांगेल. प्रत्येक नवीन परीक्षण आलं की हे चष्मा पुसून आधी सातव्या तुकड्याचा परिच्छेद शोधायचे.

आणि आलं की! एका मोठ्या समीक्षकाने, उंटावरचा शहाणा मेला, पानभर लिहिलं. सातव्या तुकड्यातला तो दुहेरी श्वास. म्हणे कलावंत कड्याच्या टोकावर उभा राहून जीव मुठीत धरतो, धरलेला श्वास सोडायचंही विसरतो. म्हणे असला अस्सल क्षण कात्रीच्या हाती कधी सापडला नसता. म्हणे बैठक सलग असल्याचा याहून मोठा पुरावा नको. हे वाचून ह्यांना हसू फुटलं. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि मग नुसतं पाणीच राहिलं. मी पेपर उचलला आणि त्यात भाजीची देठं गुंडाळली.

लोक आता जिथे तिथे सातवा तुकडा मागायला लागले. पियानोवाल्याची गोची झाली. कधी वाजवलाच नाही तर वाजवणार काय? एका रविवारी रेकॉर्ड काखेत मारून आमच्याकडे हजर. जेवणाच्या टेबलावर बोटं आपटत स्वतःचीच रेकॉर्ड पाठ करत बसला. हे शेजारी बसून गुणगुणत सांगायचे, आता खाली, आता थांब. एके ठिकाणी दोन्ही हात पार डावीकडून पार उजवीकडे, मधे डोळ्याचं पातं लवायलाही वेळ नाही. पुन्हा पुन्हा करून बघितलं, जमेना.

“टेलर, इथे मी काय केलं होतं रे?”

“तू काही केलं नव्हतंस. तिथे सांधा आहे.”

सासूबाई कोपऱ्यात बसून वाटाणे सोलत होत्या. त्या म्हणाल्या, “म्हणजे याच्याच पोटचं, आणि बारसं आपल्याकडे.” पियानोवाला सोडून आम्ही तिघं हसलो. पण ह्यांनी शिकवलं. तीन रविवार शिकवलं. त्या उडीच्या जागी एक सोपी पळवाटही काढून दिली.

मग स्टुडिओ बंद झाला. शाळेला खोल्या परत हव्या होत्या. पियानो दारातून निघेना, शेवटी सुटा करून नेला. ह्यांचं वय तेव्हा पन्नाशीला टेकलेलं, हातात कला एकच. तेवढ्यात रेडिओवर जागा निघाली, संगीत विभागात टेप-संपादक. जाहिरात ह्यांना समोर ठेवून लिहिल्यासारखी. मुलाखतीला येताना आपल्या सर्वांत चांगल्या कामाचा नमुना आणावा, असं त्यात लिहिलं होतं.

सर्वांत चांगलं काम! ह्यांनी दोन दिवस तो कागद घडी करून खिशात ठेवला. शेवटी मीच म्हटलं, “भाऊजींकडे जा. बंद खोलीत तिघांसमोर सांगायचंय, बाजारात नाही. आता नाही तर कधी वेळ येणार?”

हे गेले, आणि उड्या मारत परत आले. खरंच सांगते, पायऱ्यांवर आवाज आला. पियानोवालाच त्या समितीत होता! तज्ज्ञ म्हणून बोलावलेला. तो म्हणाला होता, “वेड्या, नमुना कशाला आणतोस? मी असताना? मी सांगेन ना.” त्या संध्याकाळी हे आईच्या पाया पडले. मी ह्यांचा कोट दोनदा इस्त्री केला. मुलाखतीला जाहिरातींची दोन रिळं आणि एका भाषणाचं रीळ घेऊन गेले, नावापुरती.

त्या खोलीत काय झालं ते ह्यांनी मला एकदाच सांगितलं, बुटाची नाडी सोडता सोडता. टेबलापलीकडे तिघं. मधे एक अधिकारी बाई, एका बाजूला इंजिनिअर, दुसऱ्या बाजूला तो. इंजिनिअरने रिळं ऐकली, म्हणाला, सांधे छान आहेत, पण हे बोलणं आहे. आमच्याकडे पियानोच्या मैफिली फार असतात, आणि पियानो कापणं म्हणजे खेळ नाही. एकट्या पियानोवर कधी काम केलंय?

ह्यांनी मित्राकडे बघितलं. हीच ती वेळ.

मित्राने समोरचा पाण्याचा ग्लास जरा सरकवला. मग म्हणाला, “हो, हा मुद्दा महत्त्वाचा आहे. सांगा ना तुम्ही. आहे का अनुभव?”

तुम्ही! चड्डीत असल्यापासून अरे-तुरे करणारा माणूस. हे मला म्हणाले, “त्याने तुम्ही म्हटलं ना, तेव्हाच कळलं.”

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“नाही म्हणालो.”

“का? का म्हणालात नाही?” मी ओरडलेच.

“शब्द दिला होता.”

“त्यानेही दिला होता!”

“त्याचं तो बघेल,” हे म्हणाले आणि बूट खाटेखाली सरकवले. मला इतका राग आला, इतका राग आला, की त्याच्यावर जास्त की ह्यांच्यावर हे मला आजही सांगता येणार नाही. चांगुलपणा करावा माणसाने, पण घरचं दार उघडं टाकून?

आठवड्याने वाटाण्याच्या अक्षता मिळाल्या: पियानोचा अनुभव नसल्याने निवड होऊ शकत नाही. त्याच रविवारी स्वारी आली, द्राक्षं घेऊन. “मी खूप ताणून धरलं वहिनी. पण हाच अनुभव नाही म्हणाला, मी तरी किती बोलणार?” मी द्राक्षांची पिशवी उचलली आणि त्याच्या हातात परत दिली. म्हटलं, “भाऊजी, माझ्या घरात या माणसाने तुम्हाला तुमचंच वाजवणं शिकवलं. ह्याच टेबलावर. तेवढं तरी आठवा.” तो पांढराफटक पडला. हे मधे पडले, म्हणाले, “तू आत जा.” मी गेले नाही. मग तो म्हणाला की रेडिओच्या टेपगोदामात एक जागा आहे, तिथे शब्द टाकतो. तिथे मात्र टाकला.

गोदामात काम काय? जुन्या टेप पुसायच्या. एका पेटीत मोठं लोहचुंबक, त्यावरून रीळ फिरवलं की सगळं जातं, टेप पुन्हा कोरी. एवढ्या बारकाईने जोडणारा माणूस, त्याने चौदा वर्षं पुसलं. भाषणं, मैफिली, नाटकं, यादीत असेल ते. घरी आल्यावर मी विचारायचे, आज काय केलं, तर म्हणायचे, “स्वच्छता.” रेकॉर्ड ऐकणं ह्यांनी सोडूनच दिलं. पियानोवाला मोठा होत गेला, बक्षिसं, सत्कार, ‘बुधवारची दुपार’ची पंचवीस वर्षं. दर वेळी हे टीव्हीसमोर खुर्ची ओढून बसायचे. मी विचारायचे नाही कशासाठी. तो सगळ्यांचे आभार मानायचा, आईवडिलांचे, गुरूंचे, पियानो सुरात लावणाऱ्याचेसुद्धा. मग हे उठून खुर्ची जागेवर ठेवायचे.

गेल्या वर्षी हे गेले. रेडिओवाल्यांनी त्यांच्या छोट्या सभागृहात एका दुपारी शोकसभा ठेवली, चाळीस-एक माणसं होती. पियानोवालाही आला, काठी टेकत. मी पहिल्या रांगेत बसले होते आणि मनाशी पक्कं ठरवलं होतं. आज तो बोलला तर ठीक. नाही बोलला तर मी उठणार. माझा शब्द कुणी घेतला नव्हता.

तो बोलायला उभा राहिला. लहानपणीचं सांगितलं, गल्लीतलं, चोरून खाल्लेल्या पेरूंचं. लोक हसले. मग आवाज भरून आला. म्हणाला, “एकच खंत आहे. इतकी वर्षांची दोस्ती, पण आम्ही दोघांनी एकत्र काम कधी केलं नाही.”

मी उठले. म्हटलं, “केलं. ‘बुधवारची दुपार’वर ह्यांनी त्रेसष्ट सांधे घातलेत. सातवा तुकडा ह्यांनी जोडलाय.” मग कुणीतरी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवलं, कुणी पाणी आणलं. मागून एक बाई कुजबुजली, “धक्का बसलाय हो त्यांना.” पुढचा वक्ता बोलायला लागला.

सभा संपल्यावर मी त्याला दाराशी गाठलं. आता लोक नव्हते. म्हटलं, “भाऊजी, इथे कुणी नाही. मला एकटीला सांगा. नुसतं हो म्हणा.”

त्याने माझ्याकडे बघितलं. चाळीस वर्षं मी आजारी माणसांचे चेहरे वाचले आहेत. कोण दुखणं लपवतंय ते मला दारातून कळतं. याच्या चेहऱ्यावर लपवलेलं काही नव्हतं. “वहिनी, सातवा मी वाजवला हो,” तो हळूच म्हणाला, लहान मुलाची समजूत घालावी तसा. “बुधवारी. शेवटी शेवटी. खिडकीतून उन्हाची पट्टी पियानोवर आली होती. मला सगळं आठवतं. हात आपोआप चालत होते.” त्याचे डोळे भरून आले. त्या खोलीला खिडकीच नव्हती.

शिव्या मी पाठ करून आले होते. तोंडातून एकही निघेना. खोटं बोलणाऱ्याचं मनगट धरता येतं. याने तर आतलं सगळं पुसून टाकलं होतं, आणि पुसलंय हेही याला माहीत नव्हतं. आता हे कबूल करणारं जगात कुणी उरलं नव्हतं.

गाडीचं दार उघडून ड्रायव्हर उभा होता. पियानोवाला एक पाय आत टाकून थांबला आणि त्याने मला विचारलं, अगदी मनापासून विचारलं, “वहिनी, त्या दिवशी हा होता का हो तिथे? मला काही आठवत नाही.”

“होते,” मी म्हटलं. “तिन्ही दिवस होते.”

“असेल,” तो म्हणाला, आणि गाडीत बसला.